उडालेला मांडव आणि उतरवलेला मांडव

वादळावर काहीतरी लिहा, असं या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या तेव्हा मी त्यांना सरळच विचारलं, "अहो बाई, सोलापुरात कुठला आलाय समुद्र? आमच्याकडं नळाला पाणी आलं तरी आम्ही पेढे वाटायच्या बेतात असतो." बाई हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर मांडव घातलेत ना? मग वारा तुमच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?" आता एवढं हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यावर माणूस लिहिणार नाही तर काय करणार!

मी नरसय्या. गिऱ्हाइकं नरसूशेठ म्हणतात. आमचं घर विणकराचं. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि कामावरच्या माणसांशी दखनी, असा आमचा तीन भाषांचा संसार. वडील चादरीच्या मागावर होते. मला मागाचा खडखडाट सोसेना, म्हणून मी कापड विणायचं सोडून कापड बांधायच्या धंद्यात शिरलो. लग्न, सभा, प्रदर्शन, बारसं, तेरावं, जिथं चार माणसं सावलीला बसायची तिथं माझं कापड. आता गुडघे बोलायला लागले, म्हणून धंदा बंद केला. तसाही गावोगाव मंगल कार्यालयं झाल्यावर कापडाच्या मांडवाला विचारतो कोण? वाईट वाटतं थोडं, पण ते असो.

लोकांना वाटतं, मांडववाल्याचा वैरी पाऊस. पाऊस बिचारा सरळ माणूस आहे. वरून येतो, छतात साठतो, खालून काठीनं ढोसलं की बदाबदा ओतून मोकळा. खरा वैरी वारा. त्यातही वारा मांडवाला ढकलत नाही, उचलतो. छपराचे पत्रे उडतात तेसुद्धा असेच. पत्र्यावरून वारा जोरात पळाला की वरचा दाब कमी होतो, घरातली हवा खालून वर रेटते आणि दगडं ठेवलेला पत्रासुद्धा पापडासारखा उठतो. म्हणून वादळात घराची एकच बाजू उघडी ठेवू नये. वारा आत शिरला आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर तो छपरातून वाट काढतो.

हे शास्त्र मला माझ्या मुलीनं शिकवलं. वैशाली एका हायस्कुलात भूगोल शिकवते. मी घरी येऊन, "आज सुडिगालीनं घात केला," असं म्हटलं की ती चिडायची. सुडिगाली म्हणजे आमच्या तेलुगूत वावटळ. "नान्ना, प्रत्येक वाऱ्याला एकच नाव देऊ नका. प्रत्येकाचं कूळ वेगळं आहे," असं तिचं म्हणणं. मग एका रविवारी तिनं मला पाटावर बसवून वाऱ्यांची कुळं सांगितली. बापाला विद्यार्थी करायची तिला फार हौस!

वावटळ ही खालच्या घरची. उन्हानं जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर निघते, रिकाम्या जागेकडं चारी बाजूंनी हवा धावते आणि धावता धावता गिरकी घेते. आभाळ निरभ्र असतं, ढगाचा पत्ता नसतो. एकदा एका शाळेच्या बक्षीस समारंभात भर दुपारी अशीच एक बया मैदानातून चालत आली. तिनं प्रमुख पाहुण्यांची टोपी घेतली, टेबलावरची सगळी प्रशस्तिपत्रकं घेतली आणि सगळा ऐवज शेजारच्या गोठ्यात नेऊन टाकला. म्हशीनं त्यातली दोन खाल्ली. पाहुणे माइकवरून म्हणाले, "म्हशीनंही उत्तीर्ण होऊन दाखवलं!" आणि अख्खं मैदान खो खो हसलं. वावटळ एवढीच. खोडकर, पण घर मोडणारी नव्हे.

टॉर्नेडो वरच्या घरचा. तो ढगातून खाली येतो. हे सांगताना वैशालीनं देव्हाऱ्यातला कापूस आणून वात वळून दाखवली. वात वळताना एक तळहात पुढं जातो, दुसरा मागं, आणि मधला कापूस गरगर फिरतो. तसंच खालचा वारा एका दिशेला, वरचा दुसऱ्या दिशेला आणि जास्त जोराचा असला की मधली हवा आडवी फिरायला लागते. वादळी ढगात वर चढणारी गरम हवा या आडव्या वातीला उभी करते, मग ढगच फिरायला लागतो. अशा ढगांपैकी एखाद्याची सोंड जमिनीला टेकते. नेमकी कधी आणि का टेकते, ते शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं सांगता येत नाही म्हणे. टेकली तर मात्र ती गाड्या उचलते, घरं पायापासून उपटते, आणि पलीकडच्या गल्लीत वाळत घातलेलं लुगडं हलतही नाही, इतका तिचा पट्टा अरुंद असतो. अमेरिकेत हे फार. आपल्याकडं क्वचित, आणि त्याबद्दल मी रोज देवाला हात जोडतो.

तिसरा दर्याचा राजा. त्याला तिकडं हरिकेन म्हणतात, आपल्याकडं चक्रीवादळ. माल एकच, पाटी वेगळी. समुद्राचं पाणी तापलं की वाफ वर जाते. वर तिचं पाणी होताना तिच्यातली उष्णता सुटते, त्या उष्णतेनं हवा आणखी वर पळते आणि खालून आणखी वाफ ओढते. पृथ्वी फिरते म्हणून आत धावणारा वाराही वळतो, पृथ्वीच्या आपल्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. मध्यभागी डोळा असतो, तिथं सगळं शांत. भोळी माणसं म्हणतात, गेलं वादळ, आणि बाहेर पडतात. मग डोळ्यापलीकडची ढगांची भिंत येते आणि वारा उलट्या बाजूनं झोडपतो. किनाऱ्यावर वाऱ्यापेक्षाही घात करतं ते समुद्राचं पाणी. ते फुगून गावात शिरतं. जमिनीवर आला की या राजाचा खुराक तुटतो आणि तो खंगत जातो. आमच्या सोलापुरापर्यंत येईस्तोवर नुसता रडका पाऊस उरतो. ऐन दिवाळीच्या तोंडावर अशा एका रडक्या राजानं माझ्या मांडवातलं चादरींचं प्रदर्शन भिजवलं होतं. चादरी एवढ्या ओल्या, की एकेकीला दोघं धरून पिळत होते.

आमचा घरचा वैरी या तिघांपेक्षा वेगळा. वळवाचं वादळ. चैत्र-वैशाखात जमीन तव्यासारखी तापलेली असते, समुद्राकडून ओलसर हवा आलेली असते. दुपारनंतर ती उसळून वर जाते आणि ढगाचा मनोरा उभा राहतो. त्याच्या शेंड्याला गारा तयार होतात. मग पाऊस पडायला लागला की त्याच्याबरोबर गार, जड हवा धाडकन खाली येते. भरलेली बादली फरशीवर ओतली की पाणी कसं चहूकडं पळतं, तशी ती जमिनीवरून पळत सुटते. पावसाआधी जो धुळीचा लोट येतो ना, तो हाच. टिकतो थोडा वेळ, पण तेवढ्यात विजेचे खांब वाकतात, बाभळी आडव्या होतात, घडांनी लगडलेली द्राक्षबाग तारांसकट जमिनीवर झोपते. एकदा वादळानंतर माझं सामान गोळा करायला गेलो, तर एक म्हातारी छप्पर नसलेल्या घरात चूल पेटवून भाकरी थापत होती. मला म्हणाली, "ये बाबा, ऊन हाय भाकरी. छप्पर उद्या बगू." त्या दिवशी मी माझ्या फाटलेल्या कापडाबद्दल कुणाकडं रडलो नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. ती सोलापूरजवळ, मंद्रूपच्या बाजूच्या एका वस्तीवर घडली.

बिराप्पा मेंढपाळ. मोठा कळप, थोडी कोरडवाहू जमीन, दोन मुली. धाकट्या लक्ष्मीचं लग्न ठरलं तेव्हा तो माझ्या दुकानात आला आणि चहाला हातही न लावता म्हणाला, "शेठ, दुसरं कायबी कमीजास्त हुंद्या. मांडव तेवडा पडला न्हाय पायजे."

मी म्हटलं, "अहो, मांडव पडावा असं कुणी म्हणतं का?"

तसा तो सांगायला लागला. थोरल्या सुंदराच्या लग्नात दुसऱ्या कुणाचा तरी मांडव होता. ऐन अक्षतांच्या वेळी वळीव आला आणि मांडव उडून ओढ्यात पडला. कुणाला काही लागलं नाही, लग्न शाळेच्या व्हरांड्यात उरकलं. पण सासरी गेल्यावर सासूनं सुंदराचं नाव ठेवलं 'मांडवउडी'. म्हैस आटली, मांडवउडी आली म्हणून. बोअरला पाणी लागलं नाही, मांडवउडीमुळं. पोरीला दोन लेकरं झाली तरी सासूच्या तोंडून 'सुंदरा' अशी हाक आली नव्हती.

"ती हसण्यावारी न्हेती की," बिराप्पा म्हणाला. "पर मला न्हाय हसाय येत. आता लक्षुमीलाबी कुणी नाव ठेवलं, तर मी कुटं तोंड दाखवू?"

मला फार वाईट वाटलं. वाऱ्याचा आणि पोरीच्या नशिबाचा काय संबंध? पण हे सासूला कोण सांगणार?

मी त्याला आमची रीत समजावली. वाऱ्याशी कुस्ती खेळायची नसते, त्याला वाट द्यायची असते. छताचं कापड एकसंध नसतं, पट्ट्यापट्ट्यांचं असतं. प्रत्येक पट्टा एका कडेला निरगाठीनं पक्का बांधायचा आणि बाकी सगळीकडं सुरगाठ. सुरगाठीचं एक टोक खाली लोंबतं. वारा आला की मी शिट्टी वाजवायची, माणसांनी टोकं ओढायची, पट्टे पडद्यासारखे कडेला लोंबायला लागतात आणि सांगाड्यातून वारा निघून जातो. उभ्या पाइपांना तो काही करत नाही.

बिराप्पा दचकलाच. "म्हंजे अक्षतेआदी मांडव उतरवायचा? आन तेबी एका हिसक्यात सुटल अशी गाठ? न्हाय शेठ, तसलं आपल्यात चालत न्हाय."

"मेढ तर हलवत नाही ना आपण," मी म्हटलं. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. त्याला आंब्याचा डहाळा बांधून, हळदकुंकू लावून तो पुरतात, आणि लग्नाचा खरा मांडव तोच. "मेढ उभी, तर मांडव उभा."

त्यानं मान हलवली, पण हो म्हणाला नाही. मी मनात म्हटलं, वेळ आली तर बघू. त्यानं निवडलेला मुहूर्त गोरज! मेंढरं घरी यायची वेळ, म्हणून त्याला तो शुभ वाटत होता. वैशाखातली संध्याकाळ म्हणजे वळवाचीही घरी यायचीच वेळ.

लग्नाच्या सकाळी आम्ही मांडव बांधून, सगळ्या सुरगाठी तपासून जेवायला बसलो. माझा मुकादम इस्माईलभाई, माझ्याबरोबर म्हातारा झालेला माणूस, दोनदा हिंडून बघून आला होता. दुपार अशी तापली की पानांनीसुद्धा माना टाकल्या. मग वारा पडला. अजिबात पडला. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोळा झाली. दक्षिणेला विजापूरच्या अंगाला ढगाचा मनोरा वर चढत होता. तेवढ्यात वैशालीचा फोन. "नान्ना, मोबाइलवर रडारचं चित्र बघतेय. लाल ठिपका सरळ तुमच्याकडं येतोय. माणसं बाहेर काढा."

मांडव भरलेला. बायका, पोरं, म्हातारी. नवरी आत हळदीच्या साडीत, नवरा पारावर. मी माइक घेऊन सगळ्यांना शाळेकडं जायला सांगितलं. कुणी हलेना! वाजंत्री वाजत होती, सरबत फिरत होतं, कोण उठतंय? मग क्षितिजावर धुळीची भिंत उठली आणि मी शिट्टी फुंकली.

माझी माणसं टोकं ओढायला धावली. टोकंच नव्हती!

"शेठ," इस्माईलभाई ओरडला, "ये गाठां अपने नै!"

नवरीचा मामा सिद्धाप्पा पुढं आला. चेहऱ्यावर इतका आनंद, जणू आता शाबासकी मिळणार. "शेठ, तुमच्या पोरांनी लई ढिल्या गाठी मारल्या हुत्या. एका हिसक्यात सुटत हुत्या. तुमी जेवाय बसला तवा आमी भावाभावांनी समद्या पक्क्या केल्या. शेळीच्या केसाची दोरी हाय. बैलानं वडली तरी सुटायची न्हाय!"

मला हसावं की रडावं कळेना. मेंढपाळाची गाठ ती. बिचाऱ्यानं भाचीच्या काळजीपोटीच केलं होतं सगळं. अन् पहिला झोत आला. छत फुगलं. दक्षिणेकडच्या पाइपांचे पाय जमिनीवरून वीतभर उठले आणि परत आपटले. आता मात्र आरडाओरडा करत माणसं शाळेकडं पळाली. पण म्हातारी माणसं आणि कडेवर पोरं घेतलेल्या बाया मागंच राहिल्या. ती बाहेर पडेपर्यंत सगळा सांगाडा उचलला जाऊन त्यांच्यावर पडला असता.

"बिराप्पा, कापा!" मी ओरडलो. "कापड कापा, नाहीतर माणसं मरतील!"

तो मेढीपाशी उभा. छताकडं बघतोय आणि हलत नाही. त्याच्या डोळ्यांपुढं काय चाललं होतं, ते मला दिसत होतं. तोच ओढा, तोच मांडव, तीच हाक. मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

तेवढ्यात सुंदरा गर्दीतून उलटी आली. पदर खोचलेला, केस मोकळे झालेले. तिनं बापाचा दंड धरून गदागदा हलवला. "आण्णा, बगताय काय? ह्यो उडाला तर लक्षुमीलाबी नाव पडंल. आपून उतरवला तर कुणाच्या बापाची टाप हाय बोलायची? उतरवा की!"

त्या एका वाक्यानं गडी जागा झाला. "सिद्धाप्पा, कातरी आण रं! समद्या आण!"

पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. लोकर कातरायच्या मोठाल्या कातरी घेऊन फेटेवाले मेंढपाळ खुर्च्यांवर, टेबलांवर, एकमेकांच्या खांद्यांवर चढले. कराकरा, कराकरा! आपणच मारलेल्या गाठी आपणच कापत होते आणि स्वतःच्या गाठींना शिव्याही देत होते. सिद्धाप्पामामा तर ओरडत होता, "कुटल्या गाढवानं बांदली ही!" गाठ कापली जाईना तिथं त्यांनी कापडच कापलं. मेंढी कातरावी तशी त्यांनी माझ्या मांडवाची लोकर उतरवली. पट्टा पट्टा सुटत गेला, वारा सांगाड्यातून सूं सूं करत निघून गेला आणि पाइपांचे पाय जमिनीवर टेकून राहिले.

मग गारा आल्या. आम्ही सगळे शाळेत. एकटी सुंदरा मेढीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेली, डोक्यावर घोंगडं. मी "आत ये गं पोरी!" म्हणून किती बोंबललो! तिनं नुसती मान हलवली.

वळीव जसा आला तसा गेला. मावळतीकडं आभाळ फाटून ऊन आलं. शाळेच्या आवारातली लिंबं मोडून पडली होती, वस्तीतल्या दोन घरांचे पत्रे वावरात पडले होते, पण माणसाला खरचटलंही नव्हतं. सांगाडा उभा, मेढ उभी, डहाळ्याची पानंही जागेवर. भटजी म्हणाले, गोरज अजून आहे. अंतरपाट कुठंतरी वाहून गेला होता. इस्माईलभाईनं चिखलातून माझ्या छताचा एक कापलेला पट्टा उचलला, पिळला आणि भटजींच्या हातात दिला. त्याच्या अलीकडं नवरा, पलीकडं नवरी. भिजलेल्या अक्षता उडेनात, सगळ्यांच्या केसांना, फेट्यांना नुसत्या चिकटून बसल्या. वाजंत्रीवाल्याच्या पिपाणीतून आधी पाणी आलं, मग सूर. जेवणं होईपर्यंत लोक हसतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाइप उतरवत होतो. नुकसानीची पाहणी करायला तलाठी आले. पत्रे बघितले, झाडं बघितली, मग सांगाड्याकडं बघून त्यांनी विचारलं, "लग्नाचा मांडवही उडाला म्हणे?"

बिराप्पा तिथंच होता. त्यानं मान खाली घातली. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात शाळेच्या पायरीवर पिशवी घेऊन गाडीची वाट बघत बसलेली एक म्हातारी उठली. सुंदराची सासू. ती कमरेवर हात ठेवून तलाठ्यांसमोर उभी राहिली.

"उडाला कुटं? कायबी लिवू नगा. उडाला न्हाय, उतरवला. आमच्या सुंदरानं उतरवला."

एवढं बोलून तिनं मागं वळून आवाज दिला, "सुंदरा, चल गं, गाडी आली."

सुंदरा माझे कापडाचे तुकडे गोळा करत होती. ती गाडीकडं धावली. बिराप्पा मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत मेढीला हात लावून उभा होता. त्या तोंडून ते नाव त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.